ससे, सबमिशन आणि शनिवार

ससा क्यूट असतो, याबद्दल आपल्या कॅम्पसवर दुमत नाही. दुमत सुरू होतं ते त्याच्या पुढे. म्हणजे त्याला खायला काय घालायचं, झोपवायचं कुठे, सुट्टीत त्याच्याकडे कोण बघणार, आणि तो दहा वर्षं जगला तर काय! हो, दहा वर्षं. नीट सांभाळलेला घरचा ससा आठ ते बारा वर्षं जगतो. आपली डिग्री चार वर्षांची (काही थोर विद्यार्थ्यांची सहा). म्हणजे फर्स्ट इयरला हौसेने घेतलेला ससा, आपण कुठल्यातरी कंपनीत अप्रेझलवरून रडत असू, तेव्हाही शांतपणे गवत मागत बसलेला असणार.

माझं स्वतःचं ससाज्ञान कॉन्व्हेंटमधलं. पीटर रॅबिट, ईस्टरचा बनी आणि गाजर चघळणारा बग्ज बनी. शिवाय ४ ऑक्टोबरला आमच्या सिस्टर संत फ्रान्सिसची गोष्ट सांगायच्या, त्यात सगळे प्राणी-पक्षी गुण्यागोविंदाने बसलेले. आजीकडून आलेले ससे दोनच. एक पान पडलं म्हणून धूम ठोकणारा, आणि दुसरा कासवाकडून हरलेला. थोडक्यात काय, इंग्रजी ससा गाजर खातो आणि मराठी ससा घाबरतो. यातलं गाजर तर साफ खोटं. गाजरात साखर इतकी की सशाला ते पेढ्यासारखं, सणासुदीला एखादा तुकडा. घाबरण्याचं मात्र अगदी खरं आहे. त्याबद्दल पुढे.

गोष्ट सुरू झाली मुलांच्या हॉस्टेलमधून (बहुतेक गोष्टी तिथूनच सुरू होतात). दीड वर्षापूर्वी एका ग्रुपने मित्राच्या बर्थडेला सशांची पांढरी जोडी आणली. दुकानदाराने ‘दोघे भाऊ आहेत, टेन्शनच नाही’ अशी तोंडी गॅरंटी दिलेली. दीड महिना ते दोघे भाऊ एका मॉनिटरच्या खोक्यात राहिले आणि मेसच्या पोळ्या, बिस्किटं खात राहिले. मग दिवाळीची सुट्टी आली. सगळ्यांची रिझर्वेशन्स झालेली. सशांचं काय? तर एकमताने ठराव पास झाला : मागच्या टेकडीवर सोडून देऊ, तिथे ससे असतातच की!

आता यात त्या मुलांचा दुष्टपणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. घोळ आपल्या भाषेचाच आहे. इंग्रजीत रॅबिट वेगळा आणि हेअर वेगळा. मराठीत दोघेही ससेच. पुण्याच्या टेकड्यांवर जो दिसतो तो हेअर. करडा-तपकिरी, लांब पायांचा, मानेवर काळा डाग असलेला. तो बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला जमिनीतल्या खोलगट जागी दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे, त्यामुळे शेतात सापडलं पिल्लू म्हणून ते उचलून घरी आणायचं नसतं. आणि दुकानातला पांढरा ससा म्हणजे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा, कित्येक पिढ्या माणसाच्या हातचं खाल्लेला वंशज. त्याला टेकडीवर सोडणं म्हणजे पॉमेरेनियनला ताडोबात सोडून ‘तिथे रानकुत्रे असतातच की’ म्हणण्यासारखं! पांढरा शुभ्र रंग घेऊन तो त्या वाळक्या गवतात ट्यूबलाइटसारखा चमकतो. कुत्रा, मुंगूस, घार, ज्याला आधी दिसेल त्याचा. उलट, जिथे या सशाला रान मानवलं तिथे दुसराच गोंधळ झाला. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून आलेले ससे सोडले, आणि पुढे त्यांनी अख्खा खंड कुरतडला. म्हणजे सोडलेला ससा एकतर स्वतः मरतो नाहीतर शेजाऱ्याला मारतो. शिवाय प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे टेकडी चढण्याआधी माहीत असलेलं बरं.

सुदैवाने त्या ग्रुपमधल्या एकाला रात्री झोप लागेना. त्याने ते खोकं सकाळी आमच्या एन.एस.एस.च्या टेबलावर आणून ठेवलं आणि स्वतः बस पकडून गावी गेला. टेबलावर त्या दिवशी ड्यूटी माझी!

शहराबाहेर प्राण्यांचं एक शेल्टर आहे. धर्मादाय संस्था, देणग्यांवर चालते. परळला १८८३ मध्ये स्थापन झालेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय ज्यांनी पाहिलंय त्यांनी तसं काही डोळ्यांपुढे आणू नका. इथे पत्र्याच्या दोन शेड, एक ऑपरेशनची खोली, गाडीखाली आलेले कुत्रे, एक आंधळी गाय, आणि हे सगळं सांभाळणारे मामा. मामांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आणा, हेच राहिले होते.’’ डॉक्टर मॅडमनी दोघा भावांना उलटंसुलटं करून तपासलं आणि हसायलाच लागल्या. एक भाऊ बहीण होता. आणि तिला दिवस गेले होते.

इथे मला सी प्रोग्रॅमिंगची लॅब आठवली. रिकर्शन शिकवताना फिबोनाची सिरीज सगळ्यांनी घोकली असेल. ती मुळात सशांचीच आहे हे किती जणांना माहीत आहे? १२०२ सालच्या ‘लिबर अबाची’ या ग्रंथात कोडं आहे, एका जोडीपासून वर्षअखेर किती जोड्या होतील? उत्तर ३७७. फक्त फिबोनाचीचे ससे मरत नाहीत, आजारी पडत नाहीत, त्यांना गवत लागत नाही, आणि दर वेळी बरोबर एक नर एक मादी होते. आपल्या फिजिक्समधल्या घर्षणरहित पुलीसारखे आदर्श ससे! खरी सशीण साधारण ३१ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज देते, आणि विण्याच्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते जोडी तोडण्याचं. नराचं ऑपरेशन झालं तरी त्याला महिनाभर लांबच ठेवला, कारण ऑपरेशननंतरही काही आठवडे धोका असतो.

दिवाळी असल्यामुळे नावं फराळाची पडली. आई चकली, बाप चिवडा. पाच पिल्लं झाली : करंजी, अनारसा, लाडू, बेसन आणि शंकरपाळी. शंकरपाळी दुसऱ्याच दिवशी गेली. बाकीची चार गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. मला तर ती उंदराची वाटली. चकलीने पोटावरचे केस उपटून त्यांच्यासाठी गादी केली होती, पण ती त्यांच्याजवळ बसेच ना. मी घाबरून मामांना म्हटलं, ‘‘हिने पिल्लं टाकली!’’ मामा म्हणाले, ‘‘तिला शहाणपण शिकवू नकोस.’’ सशीण दिवसातून एकदा किंवा दोनदाच, तेही चार-पाच मिनिटं दूध पाजते. उरलेला वेळ लांब राहते, म्हणजे शिकाऱ्याला तिच्या वासावरून पिल्लांचा पत्ता लागू नये. लोक अशी पिल्लं टाकलेली समजून उचलतात आणि बाटलीने पाजायला जाऊन मारतात.

तेव्हापासून माझे शनिवार तिकडे जातात. काम काय? ज्यांना वाटतं की शेल्टरमध्ये गेलं की मांडीवर ससा घेऊन फोटो काढायचा, त्यांनी कृपया येऊ नये. सशाला उचललेलं आवडत नाही. त्याच्या दृष्टीने जमिनीवरून उचलतं ते कोण? घार! दोन्ही डोळे बाजूला असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं तेवढं दिसत नाही, आणि आपण नेमका तिथेच हात घालतो. तो मागचे पाय इतक्या जोराने झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. कान धरून उचलणं तर विसराच. आणि उताणा केल्यावर तो ‘गाढ झोपतो’, असे व्हिडिओ सगळे कौतुकाने बघतात ना? ती झोप नाही, भीतीने थिजणं आहे. जमिनीवर बसायचं, पुस्तक वाचायचं, त्याच्याकडे बघायचं नाही. वीसएक मिनिटांनी तो येऊन आपल्या जर्नलचा कोपरा खातो. (माझ्या थिअरी ऑफ मशीन्सच्या जर्नलचं पान क्रमांक १४ करंजीच्या पोटात आहे. सबमिशनला सरांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं. विश्वास ठेवणार कोण!)

खरं काम म्हणजे झाडणं, कागद बदलणं, लेंड्या बघणं आणि गवत. सगळ्यांत जास्त गवत. सशाच्या आहारात पाचातले चार हिस्से साधं वाळलेलं गवत असलं पाहिजे, कारण त्याचे सगळे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात फक्त गवताच्या रवंथीने. आमच्या मेकॅनिकलच्या भाषेत, वेअर रेट आणि ग्रोथ रेट मॅच झाला पाहिजे. (रवंथ म्हटलं खरं, पण ससा रवंथ करत नाही. तो त्याहून पुढचं करतो. रात्री एक मऊ, वेगळी लेंडी टाकतो आणि ती लगेच स्वतःच खातो, म्हणजे अन्न दोनदा पचतं. मेसमध्ये जेवताना हा परिच्छेद वाचणाऱ्यांना सॉरी.)

दुकानात परदेशी टिमोथी गवत मिळतं. त्याचा दर ऐकून मी पाणी प्यायले. लसूणघास गोठेवाल्यांकडे मिळतो, पण तो मोठ्या सशाला रोज चालत नाही, त्यात कॅल्शियम फार. मग मामांनी सांगितलं, ‘‘दूर्वा आणा की.’’ हरळी! आपल्या मैदानाच्या कडेला जी फुकट उगवते तीच, सावलीत वाळवली की सशाचं पूर्णान्न. गेल्या गणपतीत आम्ही आठ जणी रोज रात्री मंडईत जाऊन फुलवाल्या मावशींकडून न विकलेल्या दूर्वांच्या जुड्या आणायचो. निर्माल्यातल्या नाही हं, त्यांना शेंदूर-गुलाल लागलेला असतो. मावशी आधी पैसे मागायच्या. कशासाठी हवंय ते कळल्यावर म्हणाल्या, ‘‘उंदराच्या मालकाचं सशाला, जाऊ दे, न्या.’’ हॉस्टेलच्या गच्चीवर दोऱ्यांना ओळीने दूर्वा वाळत घातलेल्या पाहून रेक्टर मॅडमना वाटलं आम्ही कसलातरी नवस बोललोय.

त्याच गणपतीत लाडू गेला. विसर्जनाच्या रात्री शेल्टरच्या मागच्या रस्त्यावरून मिरवणूक गेली, स्पीकरची भिंत लावलेली. कुत्रे रात्रभर ओरडत होते. सकाळी मामांना लाडू कोपऱ्यात आडवा मिळाला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ससे नुसत्या धक्क्याने जातात. सशाचं काळीज म्हणतो ना आपण, ते असं. मी स्वतः आपल्या कॉलेजच्या पथकात ताशा वाजवते आणि पुढच्या वर्षीही वाजवणार आहे. त्या दिवशी दुपारी शेल्टरवर बसून मी यावर खूप विचार केला आणि काहीच उत्तर आलं नाही. एवढंच ठरलं की यापुढे त्या दहा दिवसांत ससे शेल्टरमध्ये ठेवायचे नाहीत, कुणाकुणाच्या घरी आतल्या खोलीत पोचवायचे.

त्याआधी मे महिन्यात अनारसा जातो की काय असं झालं होतं. उन्हाळा सशाला अजिबात सोसत नाही. त्याला घाम येत नाही, काय ती उष्णता कानांतून बाहेर पडेल तेवढीच. तीस डिग्रीच्या वर त्याचे हाल सुरू, आणि पुण्याचा मे तुम्हाला माहीतच आहे. आम्ही पाण्याच्या बाटल्या मेसच्या फ्रीजरमध्ये गोठवून नेत होतो. फडक्यात गुंडाळून ठेवल्या की ससे त्यांना टेकून बसतात. तरीही एका शनिवारी अनारसा खाईना. नुसता गोळा होऊन बसलेला, दात करकर वाजवत. लेंड्या नाहीत. सशाला उलटी करता येत नाही, आणि त्याची आतडी थांबली की थांबली. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर चालतं. ससा बारा तास खात नसेल तर ती इमर्जन्सी असते. आणि तो दुखतंय हे दाखवत नाही, कारण रानात जो दाखवतो तोच आधी मारला जातो.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, कुठे काही अडकलेलं नाही याची खात्री केली, कातडीखाली सलाइन दिलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि दर दोन-तीन तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवायला सांगितलं. एक गोष्ट त्यांनी बजावली, ती इथे लिहून ठेवते : घरातलं उरलेलं अँटिबायोटिक सशाला तोंडाने कधीही द्यायचं नाही. अमॉक्सिसिलिनसारखं साधं औषध त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं आणि ससाच जातो. तसंच कुत्र्याच्या पिसवांवरचं फिप्रोनिल, तेही सशाला विष.

रात्री कोण थांबणार? सोमवारी माझी ओरल. मी रेक्टर मॅडमना फोन केला. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘परत कोण सोडणार आहे? डॉक्टर? बरं. त्यांचा नंबर दे.’’ आमच्या गेटच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेला माझ्या नावापुढे उशिराचं कारण म्हणून ‘ससा आजारी’ असं लिहिलेलं आहे, वॉचमन काकांच्या अक्षरात. हवं तर जाऊन बघा. रात्री सव्वा वाजता कागदावर मोहरीएवढी एक लेंडी पडली. मग अजून दोन. डॉक्टर मॅडमनी मला मिठी मारली. इंजिनिअरिंगला आल्यापासून कुठल्या आउटपुटचा मला इतका आनंद झालेला नाही.

त्या रात्रीनंतर अनारसा माझाच, असं मी मनाशी धरून चालले होते. जर्नल उघडलं की तो येऊन पायाशी पसरायचा. कधी खूश झाला की हवेत उडी मारून मध्येच कंबर वळवायचा. पिल्लं मोठी झाली तेव्हा संस्थेने दत्तक देण्यासाठी घरं शोधायला घेतली. मी आईला फोन केला. आई म्हणाली, ‘‘तू सांभाळणार असशील तर जरूर आण गं. मी सांभाळायचा असेल तर आधी मला विचार.’’ आईचं वाक्य म्हणजे व्हायवाचा प्रश्न, त्याला ऑप्शन नसतो. मी कागदावर हिशेब मांडला. हॉस्टेलला प्राणी चालत नाहीत. पुढच्या वर्षी प्लेसमेंट, बंगलोर की चेन्नई माहीत नाही. आणि ससा एकटा ठेवायचा नसतो, म्हणजे दोन. दहा वर्षं. मी फॉर्म भरला नाही.

जानेवारीत एक निवृत्त शिक्षक आजोबा आणि त्यांच्या पत्नी आल्या. संस्थेचे लोक आधी त्यांचं घर पाहून आले होते. खाली वायरी लोंबत नाहीत ना (ससा वायर कुरतडतोच), फरशीवर जाजम आहे का, जवळ सशांचं कळणारा डॉक्टर आहे का. आजोबांनी विचारलं, ‘‘हे किती वर्षं जगतात?’’ डॉक्टर मॅडमनी खरा आकडा सांगितला. आजोबा म्हणाले, ‘‘मग माझं वय बघून देताय ना?’’ कोणी हसलं नाही. त्यांनीच मुलीला फोन लावला, आणि आमच्यानंतर ससे तू नेशील का असं स्पीकरवर विचारलं. तिने हो म्हटल्यावर तिची सही पाठवायला सांगितली, आणि ती आल्यावरच अनारसा आणि करंजी गेले. गाडीत बसवताना अनारशाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाळक्या दूर्वा खाण्यात मग्न होता. मी परत येताना बसमध्ये जरा रडले, पण ते उन्हामुळे असं रूममेटला सांगितलं. (जानेवारीत!)

चकली, चिवडा आणि बेसन अजून शेल्टरमध्येच आहेत. तिघांचीही ऑपरेशन्स झाली आहेत. मादीचं तर केलंच पाहिजे, नाहीतर वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार. त्यांना घर मिळालं तर एकत्रच मिळायला हवं. कॅम्पसवर कुणाला ससे पाळायचेच असतील तर एवढं करा, स्टाफ क्वार्टर्समधल्या सर-मॅडमना माझ्याकडे पाठवा. आणि तरीही दुकानातून घ्यायचे असतील तर २०१८ च्या नियमांनुसार त्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ती दाखवा म्हणा. आणि ‘दोघे भाऊ आहेत’ या गॅरंटीवर जाऊ नका.

बाकी हॉस्टेलवाल्यांसाठी : दर शनिवारी दुपारी तीनला आम्ही गेटवरून निघतो. जुनी वर्तमानपत्रं, फाटक्या चादरी, रिकामी खोकी, सगळं चालतं. आमच्या मजल्यावर महिन्याला माणशी पन्नास रुपये काढतो, ते ऑपरेशनच्या खात्यात जातात. वॉचमन काकांच्या केबिनमागे एक पोतं ठेवलंय. त्यात हरळी, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा आणि गाजराचा पाला टाका. कांदा, बटाट्याची सालं आणि मेसची पोळी टाकू नका. गेले तीन आठवडे कोणीतरी त्यात रोज दीड पोळी टाकतंय, त्याचा आम्ही शोध घेत आहोत.